एकवीस, एकोणीस, सतरा

ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात कुणी मोटरसायकल घ्यायची म्हटली की जाणता माणूस आधी एकच विचारायचा, ‘घाट उतरणार, का वरच फिरणार?’ किंमत, रंग, ॲव्हरेज या गोष्टी नंतर. वरच फिरणारा म्हणजे कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली या ऊसपट्ट्यातला. घाट उतरणारा म्हणजे आंबा, गगनबावडा, फोंडा नाहीतर आंबोली यांपैकी एखाद्या वाटेनं कोकणात जाणारा. दोघांना एकच गाडी चालायची नाही, हे गॅरेजमध्ये पाने उचलून देणाऱ्या पोरालाही ठाऊक असायचं.

मी घाट उतरणाऱ्यांपैकी. औषध कंपनीचा एमआर, हेडक्वार्टर कोल्हापूर. ऊसपट्टा माझं एक्स-स्टेशन, म्हणजे सकाळी जायचं आणि रात्री घरी जेवायला. कणकवली, राजापूर, सावंतवाडी ही आउटस्टेशनं, तिथं मुक्काम. बॅगेत सॅम्पलं, व्हिज्युअल एड, एक जोड कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बूट, कारण डॉक्टरांच्या केबिनमध्ये चिखलाच्या बुटांनी जाता येत नाही. कंपनी किलोमीटरवर टीए द्यायची, तोही मॅनेजरच्या मर्जीनं. आज याच भटकंतीला ‘ॲडव्हेंचर टूरिंग’ म्हणतात. त्यासाठी उंच, चोचीची, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली वेगळी गाडी मिळते आणि तिच्यासाठी लोक तीन-चार लाख हसत मोजतात. माझा राग नाही. पण या गाड्यांचा इतिहास सांगताना तो थेट सहारा वाळवंटातून सुरू करतात, तेव्हा मला आमच्याकडचे रस्ते आठवतात. इंजिनं जर्मन, जपानी, ऑस्ट्रियन असतील. कुठल्या रस्त्याला कुठली गाडी हा हिशेब आमची माणसं त्याच्याही आधीपासून करत होती.

रस्ते तीन तऱ्हेचे होते आणि तिन्ही एका दिवसात लागायचे. घाटावर सपाट डांबर. पण गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर शेतातून वर येताना काळी माती चाकांबरोबर आणून टाकायचे आणि दव पडलं की ती साबणासारखी व्हायची. मग घाट. सूर्य न पोचणाऱ्या वळणांवर डांबरावर शेवाळ, पावसाळ्यात धुकं आणि मध्येच दरडीची माती. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे शाळेत पाठ केलं होतं. रेनकोटच्या कॉलरमधून तो आत शिरायला लागल्यावर आकड्याचा अर्थ कळला. आणि घाटाखाली जांभ्याची लाल वाट, सुटी खडी, साकव, ओढ्यावरचे फरशी पूल.

या तीन रस्त्यांसाठी तेव्हा बाजारात तीन मोठी नावं होती. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. स्वतंत्र भारताच्या सैन्यानं सीमेवरच्या गस्तीसाठी ती पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे विलायतेतला कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. जावा चेकोस्लोव्हाकियाची, साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला आयडियल जावानं ती बनवायला घेतली आणि १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. म्हणजे राधानगरीचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून चालवायचा ती गाडी पोलिश घराण्यातली. त्याला याचं काही देणंघेणं नव्हतं. ती दगडावरून गेली तरी मोडत नाही आणि मोडली तर वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्त होते, एवढं त्याला पुरेसं होतं.

येझदीवर माझा जीव. २५० सीसी, एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा. चेन पूर्ण झाकलेली. हे शेवटचं वैशिष्ट्य शहरातल्या माणसाला क्षुल्लक वाटेल. कोकणातल्या लाल चिखलात उघडी चेन महिन्याभरात कशी करकरायला लागते हे बघितलेल्या माणसाला वाटणार नाही. आणि ताकद! मागे माणूस बसवून आंबा घाट चढताना येझदी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जायची, तिथं राजदूत दुसऱ्यात रडायची.

चढायला उत्तम, उतरायला मात्र टू-स्ट्रोक गाडी म्हणजे जोखीम. याचं कारण नव्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या गाड्यांना इंजिन ऑइलची वेगळी टाकी नव्हती. पेट्रोल पंपावर पोरगा हातानं फिरवायच्या यंत्रातून टू-टी ऑइल मापून पेट्रोलमध्येच ओतायचा आणि तेच मिश्रण पिस्टनला वंगण द्यायचं. आता बघा, घाटाच्या माथ्यावरून तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरायला लागलात. चाकं इंजिनाला फिरवतायत, इंजिन जोरात फिरतंय, पण पेट्रोल आत जात नाही. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. दोन-चार मैलांचा उतार असला की पिस्टन कोरडा पडतो, तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. याला ‘पिस्टन जाम’ म्हणायचे. जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि हे सगळं वळणावर. त्यात टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक नावापुरताच. म्हणजे सगळा भार ड्रमच्या ब्रेकवर, ते तापले की तेही सैल. शाहूपुरीतले आमचे मिस्त्री दर पावसाळ्याआधी बजावायचे, ‘साहेब, उतारावर गाडीला उपाशी ठेवू नका. मधनंमधनं क्लच दाबायचा, एक घोट पाजायचा आणि पुढं जायचं.’ गगनबावड्याचा करूळ घाट रात्री उतरणाऱ्या माणसाचा तो ‘रुंग-रुंग’ आवाज त्या काळी खालच्या वाडीत ऐकू यायचा. वाटायचं पोरगं मस्ती करतंय. ते बिचारं पिस्टनला तेल पाजत असायचं.

बुलेटचं गणित उलटं. ३५० सीसी, फोर-स्ट्रोक, अठरा हॉर्सपॉवर, वजन दीडशे किलोच्या वर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. चालू करणं हाच एक विधी होता. किक हळूहळू दाबत अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन तसूभर पुढे सरकवायचा, खटका सोडायचा आणि मग एकच पूर्ण लाथ. चुकलं की किक उलटी येऊन नडगी फोडायची. पण एकदा चालू झाली की उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ब्रेकला हात न लावता घाट उतरता यायचा. इंजिनच गाडीला धरून ठेवायचं. म्हणून आमच्याकडचं शहाणपण असं होतं: घाट रोज चढायचा तर येझदी, रोज उतरायचा तर बुलेट. रोज चढायचा आणि उतरायचा असेल तर एस.टी.

डिझेल बुलेटचंही नाव घ्यायला हवं, नाहीतर सांगली जिल्ह्यातले वाचक रागावतील. साडेसहा हॉर्सपॉवरची ती गाडी सायकलवाल्यालाही अंतर देताना दमायची. पण डिझेल स्वस्त आणि ॲव्हरेज एवढं की बागाईतदार तिच्यावर खूष. सपाटीच्या बाहेर तिला कुणी नेल्याचं मी पाहिलं नाही.

१९८५ च्या आगेमागे जपान्यांच्या शंभर सीसी गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १०० तीन-चार वर्षं चालवली. वजन शंभर किलोच्या आसपास, अकरा हॉर्सपॉवर, ऑइलची टाकी वेगळी, त्यामुळे उतारावर घोट पाजायची कटकट संपली. फरशी पुलावरून पाणी वाहत असलं की दोघं मिळून ती उचलून पलीकडे नेता यायची. बुलेट अशी नेऊन दाखवा. हीरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक, तिचं ॲव्हरेज ऐकून लोक हसायचे, खोटं सांगतो म्हणायचे. टीए किलोमीटरवर मिळतो आणि पेट्रोल खिशातून जातं तेव्हा ॲव्हरेजवाली गाडीच जिंकणार. नव्वदच्या दशकात एमआर मंडळी एकेक करत फोर-स्ट्रोककडे वळली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला आणि प्रदूषणाच्या नव्या नियमांनी पुढच्या काही वर्षांत टू-स्ट्रोक मोटरसायकल बाजारातून घालवली. रस्त्याप्रमाणे गाडी निवडायचा जमाना संपला तो तिथं. सगळ्या गाड्या सारख्या झाल्या, ॲव्हरेज तेवढं वेगवेगळं राहिलं.

नेमक्या याच वर्षांत तिकडे युरोपात ती दुसरी गोष्ट घडत होती.

थिएरी साबिन नावाचा फ्रेंच मोटरसायकलस्वार १९७७ मध्ये आबिजान–नीस रॅलीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, कसाबसा वाचला आणि परत येऊन म्हणाला की इतरांनाही तिथं न्यायला पाहिजे. असली माणसं असतात. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून पहिली पॅरिस–डाकार निघाली. १८२ वाहनं निघाली, सेनेगलच्या डाकारला पोचली ७४. मोटारी आणि मोटरसायकली एकाच यादीत मोजल्या होत्या, आणि पहिला आला तो सिरिल नव्यू, यामाहा एक्सटी ५०० या एका सिलिंडरच्या मोटरसायकलवर. पुढच्या वर्षीही तोच.

बीएमडब्ल्यूचा मोटरसायकल विभाग त्या वेळी अडचणीत होता. जपानी गाड्यांपुढे तिच्या जड बॉक्सर गाड्या म्हाताऱ्यांच्या ठरल्या होत्या. १९८० च्या शरद ऋतूत त्यांनी आर ८० जी/एस आणली. ८०० सीसी, ५० हॉर्सपॉवर, मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं, चेनऐवजी शाफ्ट, वजन दोनशे किलोच्या आत. एवढी मोठी गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायची कल्पनाच तोवर कुणी गंभीरपणे घेतली नव्हती. १९८१ मध्ये ह्यूबेर ओरिओलनं तिच्यावर डाकार जिंकली, १९८३ मध्ये पुन्हा. १९८४ आणि ८५ मध्ये गास्तों राहिए. हा राहिए इतका बुटका की उभ्या गाडीवर त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकायचे नाहीत. पाच फूट चार इंचाच्या माझ्यासारख्या माणसाला हा तपशील विजयापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मग १९८६ ते ८९ सलग चार वर्षं होंडा. त्या गाडीच्या धर्तीवर होंडानं १९८८ मध्ये लोकांसाठी आफ्रिका ट्विन काढली, आणि ‘जगाच्या टोकापर्यंत जाणारी गाडी’ हा प्रकार बाजारात पक्का झाला.

जगाच्या टोकापर्यंत लोक त्याआधीही जातच होते. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ मध्ये ५०० सीसीच्या साध्या ट्रायम्फवर निघाला, चार वर्षं आणि लाखभर किलोमीटर फिरला, भारतातूनही गेला. त्याच्या गाडीला ना चोच होती ना उंच शॉकअप. पण टेड सायमनला बघून गाडी विकत घेणारे किती? वाळूत उडणारी बीएमडब्ल्यू टीव्हीवर बघून घेणारे पुष्कळ.

या गाड्यांच्या माहितीपत्रकात लोक सीसी बघतात, हॉर्सपॉवर बघतात. मी पुढचं चाक बघतो. जी/एसचं पुढचं चाक २१ इंचांचं होतं, मागचं १८. एकवीस का? बैलगाडीचं चाक उंच असतं त्याच कारणानं. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि दगडाच्या कडेवर सौम्य कोनात चढतं. छोटं चाक त्याच कडेवर ठोकर खातं. पण याची किंमत डांबरावर मोजावी लागते. मोठं चाक फिरताना आपली दिशा सोडायला तयार नसतं, वळणात गाडी पाडायला जोर लागतो, आणि त्याचा टायर अरुंद, म्हणजे ओल्या डांबरावर पकडही बेताची. सतरा इंचांचं चाक याच्या बरोबर उलट: घाटातल्या डांबरी वळणात गाडी मनात आलं की वळते, पण पहिल्याच दगडी चढावर हँडल हातातून निसटतं. एकोणीस म्हणजे तडजोड.

आता बीएमडब्ल्यूचंच बघा. १९८० ची गाडी २१/१८. १९८७ ची आर १०० जीएस २१/१७. १९९४ ची आर ११०० जीएस १९/१७, आणि वजन अडीचशे किलोच्या घरात. तेव्हापासून आजतागायत त्यांची मोठी जीएस १९/१७ च आहे. वाळवंटाची चित्रं छापत छापत कंपनीनं चाक हळूच डांबराकडे वळवलं, कारण घेणारे गिऱ्हाईक डांबरावरच राहत होते. म्युनिकचा दंतवैद्य शनिवारी आल्प्सच्या खिंडीत जातो, टिंबक्टूला जात नाही. २००४ मध्ये युआन मॅग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेच्या बाजूनं न्यूयॉर्कला गेले ते आर ११५० जीएस ॲडव्हेंचरवर. टीव्हीवरच्या त्या मालिकेनं या गाड्यांची विक्री किती वाढवली ते बीएमडब्ल्यूच जाणे. पण पुण्यातल्या मुलांच्या डोक्यात हा प्रकार पेरला गेला तो तिथूनच, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. मंगोलियाच्या चिखलात त्या दोघांना ती धुडं पुन्हा पुन्हा उभी करताना बघितलं तेव्हा मला आरएक्स १०० ची आठवण आली.

आपल्याकडे मधल्या काळात हिमालय आला होता. लडाख पर्यटकांना १९७४ मध्ये खुला झाला आणि मनाली–लेह रस्ता सामान्य वाहतुकीला १९८९ मध्ये. लगेच पुण्या-मुंबईचे गट निघाले, आणि निघाले ते बुलेटवर. बुलेट रेल्वेनं आधी पाठवायची. पार्सल ऑफिसबाहेरची मंडळी टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायची, आरसे सोडवायची, हँडल-टाकीला गवत लावून वर गोणपाट शिवायची आणि त्यावर ब्रशनं पत्ता रंगवायची. त्या गोणपाटातून जम्मूला किंवा चंडीगढला गाडी बाहेर निघायची तेव्हा एक तरी इंडिकेटर तुटलेला असायचा. पुढे रोहतांग, बारालाचा ला, टांगलांग ला. पाच हजार मीटरच्या वर हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त; कार्बोरेटर पेट्रोल मात्र तेवढंच सोडतो. प्लग काळा पडतो, इंजिन घुसमटतं, चालवणाऱ्याचंही डोकं दुखत असतं. बुलेटची उंची जमिनीपासून कमी, वजन जास्त, ब्रेक ड्रमचे. लडाखच्या दगडांसाठी ती मुळीच बनलेली नव्हती. तरी तीच का? कारण सैन्यामुळे तिचा मिस्त्री मनालीपासून लेहपर्यंत सापडायचा आणि हातोडी-छिन्नीनं ती दुरुस्त व्हायची. दूधवाल्यानं राजदूत ज्या कारणानं घेतली त्याच कारणानं हे लोक बुलेट नेत होते. पुढे याला बुलेटचा ‘रोमान्स’ म्हणायची पद्धत पडली. मला त्यात रोमान्सपेक्षा सुटे भाग जास्त दिसतात.

पहिली खरी वेगळी गाडी २०११ ची हीरो इम्पल्स. दीडशे सीसी, उंच शॉकअप, १९ इंचांचं पुढचं चाक, वजनाला हलकी. घाटाखालच्या रस्त्यांसाठी याहून योग्य गाडी तोवर कुणी काढली नव्हती. चालली नाही. तेवढ्या पैशात जास्त ताकदीची गाडी मिळते, असा लोकांचा हिशेब. काही वर्षांत बंद झाली. त्यानंतर २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली. ४११ सीसी, साडेचोवीस हॉर्सपॉवर, जमिनीपासून २२० मिलिमीटर, पुढे २१ मागे १७, बसायची उंची ८०० मिलिमीटर. या शेवटच्या आकड्याबद्दल त्या कंपनीतल्या ज्या कुणी आग्रह धरला असेल त्याला माझा नमस्कार. जर्मन-ऑस्ट्रियन गाड्या साडेआठशे मिलिमीटरच्या बैठकी करतात आणि मराठी माणूस सिग्नलला एका पायाच्या अंगठ्यावर उभा राहतो.

केटीएमची गोष्ट तर आपल्या दारातली. ऑस्ट्रियाच्या या कंपनीत बजाजनं २००७ मध्ये हिस्सा घेतला. डाकारची मोटरसायकल स्पर्धा २००१ पासून २०१९ पर्यंत याच कंपनीनं दरवेळी जिंकली, आणि तिच्या छोट्या गाड्या बनतात पुण्याजवळ चाकणला. २०२० च्या जानेवारीत ३९० ॲडव्हेंचर आली: ३७३ सीसी, ४३ हॉर्सपॉवर, चाकं १९/१७, बैठक ८५५. त्याआधी, २०१९ मध्ये, हीरोची एक्सपल्स २०० आली होती. १८ हॉर्सपॉवर, १५४ किलो, २१/१८, किंमत लाखाच्या आसपास. म्हणजे ऐंशी सालच्या जर्मन गाडीची चाकं आमच्या राधानगरीच्या दूधवाल्याला परवडतील अशा भावात मिळायला चाळीस वर्षं लागली.

माझा भाचा चाकणला नोकरीला आहे. त्याच्या मित्रांच्या गटात या तिन्ही गाड्या होत्या आणि पावसाळ्यात सगळे आमच्याकडे आले की मामाला एकेक फेरी मिळायची. आंबा घाटाच्या डांबरी वळणांत ३९० सारखी दुसरी नाही. बघाल तिकडे जाते, थांबवाल तिथं थांबते. पण तिला वेग हवा असतो, सावकाश चालवली की चिडते. हिमालयन उलट, म्हशीच्या मागे दहाच्या वेगानं चालायलाही तयार, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की जुन्या बुलेटची आठवण करून देते. पुणे–बेंगळुरू हायवेवर मात्र शंभराच्या पुढे तिचा जीव वर येतो. साडेचोवीस हॉर्सपॉवरनी एकशेऐंशी किलो आणि वर माणूस आणि त्याच्या पेट्या ओढायच्या म्हणजे तसंच होणार. २०२३ च्या ४५० हिमालयननं, चाळीस हॉर्सपॉवर देऊन, ती उणीव बरीचशी भरून काढली. आणि एक्सपल्स: भुईबावड्याची मोडलेली वाट, ओढा, शेताची पाणंद, कुठंही घाला. पडली तर एकट्याला उचलता येते. मोठ्या हायवेवर ट्रकच्या वाऱ्यानं हलते.

यात पंक्चरचा मुद्दा कुणी काढत नाही. एकवीस इंचांच्या आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. कोकणात रात्री पंक्चर झाली तर चाक खोलून, टायर उपसून, ठिगळ लावेपर्यंत तास जातो. अलॉय चाकाच्या ट्यूबलेस टायरला भर पावसात, गाडी स्टँडवर ठेवूनच चिकट पट्टी खुपसता येते. पण तोच अलॉय खड्ड्याच्या काठावर वाकला की तालुक्याच्या गावात त्याला औषध नाही, आरे मात्र कुठलाही सायकलवाला ओढून सरळ करतो. कोल्हापूर–कणकवली करणाऱ्या माणसाला हॉर्सपॉवरपेक्षा हे आधी ठरवावं लागतं.

गंमत अशी की या गाड्यांना ज्या गुणासाठी लाखो रुपये मोजतात, तासन्‌तास सव्वाशेच्या वेगानं न दमता जाणं, तो वापरायला महाराष्ट्रात जागाच फार कमी. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्गावर, मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, दुचाकीला बंदी. भाचा मुंबईला निघाला की त्याची डाकारविजेत्या घराण्यातली गाडी जुन्या हायवेनंच बोरघाट उतरते. १८३० मध्ये इंग्रजांनी त्या घाटात चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला केला, तेव्हापासून ओझं घेऊन जाणारे सगळे तिथूनच उतरत आलेत. मला विचाराल तर बंदीच्या कारणांवर वाद होऊ शकतो, पण चालवणाऱ्याचं त्यात फार नुकसान नाही. सरळ सिमेंटच्या रस्त्यावर मोटरसायकलला करण्यासारखं असतंच काय?

२०२५ मध्ये ३९० ॲडव्हेंचर नव्यानं आली ती आरे असलेल्या २१/१७ चाकांवर, आणि सोबत अलॉयच्या १९/१७ ची एक्स नावाची बहीण. म्हणजे एकाच इंजिनाच्या दोन गाड्या, आणि शोरूममधला पोरगा आता गिऱ्हाइकाला विचारतो, ‘सर, तुमचा युसेज ऑफरोड जास्त का टूरिंग?’ शाहूपुरीतले मिस्त्री हाच प्रश्न कमी शब्दांत विचारायचे.

भाच्याला जुनी गाडी बदलायची होती तेव्हा त्यानं मला हे सगळं विचारलं. मी चाकांचे इंच, पंक्चर, बैठकीची उंची, उतारावर इंजिन किती धरतं, सगळं सांगितलं. संध्याकाळभर बसलो. त्यानं वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी फोटो आला. या चर्चेत नावही न निघालेली गाडी त्यानं घेतली होती. फोन करून विचारलं, बाबा रे, हीच का? तर म्हणाला, ‘मामा, बाकीच्यांना दोन-दोन महिने वेटिंग होतं. ही शोरूममध्ये उभी होती.’